बाळ्याचं पान

आमच्या निवाऱ्यात मांजरांच्या तीन खोल्या आहेत. पहिलीत पिल्लं, दुसरीत जाणती, आणि सगळ्यात मागे, औषधांच्या कपाटाला लागून तिसरी. तिच्यावर पाटी नाही. आम्ही तिला नुसतं 'मागची खोली' म्हणतो. रविवारी पुण्यातून, पिंपरी-चिंचवडमधून माणसं मांजर दत्तक घ्यायला येतात. पहिल्या खोलीत तासभर रमतात आणि तिथूनच परत जातात. मी इथे नऊ वर्षं काम करते आहे, आणि त्यातली पहिली सहा वर्षं मीच कोणाला मागच्या खोलीत नेत नव्हते. वाटायचं, दर आठवड्याला कुणीतरी यावं, त्या म्हाताऱ्या जिवांकडे बघावं आणि "बिचारी" म्हणून निघून जावं, हे नकोच. त्यांना ते कळत असेल की नाही कोण जाणे, मला बघवत नव्हतं. म्हणजे मी दार लावून घेत होते ते स्वतःसाठी. हे माझ्या लक्षात आलं बाळ्यामुळे.

अडीच वर्षांपूर्वीचा डिसेंबर. सकाळी फाटकाशी रिक्षा थांबली. चाळिशीतला एक माणूस उतरला, हातात नवा कोरा कॅरिअर आणि त्यावर पांघरलेली बायकी शाल. आईचं दिवसकार्य आदल्या दिवशी उरकलं होतं. नारायण पेठेतलं दोन खोल्यांचं भाड्याचं घर महिनाअखेर रिकामं करून द्यायचं होतं, आणि तो स्वतः न्यू जर्सीला. परतीचं तिकीट चार दिवसांवर. सगळ्या नातेवाइकांना विचारून झालं होतं. एकाला दमा, एकाकडे कुत्रा, एकीची सून गरोदर. "मी वाईट मुलगा नाहीये हो," तो म्हणाला. मी त्याला तसं काही म्हटलंच नव्हतं.

आमच्याकडे मांजरं कशी येतात हे त्याला ठाऊक नव्हतं. रात्री कुंपणावरून टाकलेली. तोंड सुतळीनं बांधलेल्या पोत्यातली. जनावराची उपासमार होईल अशा अवस्थेत त्याला सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, पण पहिल्या वेळचा दंड 10 ते 50 रुपये. 50 रुपयांत आज मांजराच्या ओल्या खाण्याचं एखादं पाकीट येतं. दिवसाउजेडी, समोरून येऊन, डोळ्यांत पाणी आणून मांजर सोपवणारा माणूस मला वाईट वाटत नाही. त्याच्याजवळ मांजराची फाइलही होती. लसी टोचलेल्या, लहानपणीच नसबंदी झालेली. नाव बाळ्या, वय तेरा. पांढरा बोका, पाठीवर करड्या रंगाची झूल घातल्यासारखा डाग. बाकी काय खातो, कुठे झोपतो, कशाला घाबरतो, हे त्याला सांगता आलं नाही. तो अमेरिकेला गेल्यावर वर्षभरानं आईनं हे पिल्लू घरात घेतलं होतं. आणि खरं तर आमच्या फॉर्मातही तसले प्रश्न नव्हते. नाव, वय, लस, नसबंदी, सही. संपलं.

बाळ्या जेवेना.

मांजराचा उपास माणसासारखा नसतो. तीन-चार दिवस पोटात काही गेलं नाही तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते आणि यकृतच बंद पडायला लागतं. अंगानं भरलेल्या मांजराला हा धोका जास्त, आणि बाळ्या चांगला साडेपाच किलोंचा होता. पहिल्या दिवशी आम्ही त्याला सफरचंदाचा एक रिकामा खोका आडवा करून दिला. नेदरलँड्समधल्या युट्रेख्तच्या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवलं की निवाऱ्यात नव्या आलेल्या मांजरांना लपायला खोका दिला तर ती लवकर सावरतात. तेव्हापासून आम्ही मार्केट यार्डातून खोके मागून आणतो. बाळ्या खोक्यात शिरला तो तोंड भिंतीकडे करून बसला. उकडलेलं चिकन ठेवलं, सुकट ठेवली, बांगडा कुस्करून ठेवला. आमच्या मावशींनी घरून मांदेली तळून आणली. त्यानं वास घेतला आणि मान वळवली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सलाइन लावलं, भुकेची गोळी दिली. तिसऱ्या दिवशी सिरिंजनं पातळ करून भरवायचा प्रयत्न केला तर सगळं माझ्या बाहीवर. त्यानं ना नखं काढली, ना फिस्कारला. नुसतं तोंड मिटून घेतलं. चावणाऱ्या मांजराची मला कधी भीती वाटत नाही. असं गप्प राहणाऱ्या मांजराची वाटते.

त्या रात्री मुलाचा फोन आला. मी खरं ते सांगितलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, मी रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी आईला व्हिडिओ कॉल करायचो. तेव्हा तिची जेवायची वेळ असायची. आठ-साडेआठ. समोर ताट, आणि ताटाच्या बाजूला याचे दोन कान दिसायचे, बाकी काही नाही. बोलता बोलता आई घास घ्यायची, त्यावर फुंकर घालायची आणि तिचा हात मोबाइलच्या चौकटीच्या खाली जायचा. परत वर यायचा तेव्हा रिकामा असायचा. मी कधी विचारलंच नाही तिला."

दुसऱ्या दिवशी रात्री आठला मी डबा घेऊन मागच्या खोलीत गेले. ट्यूबलाइट घालवली, फक्त कपाटावरचा छोटा दिवा ठेवला. जमिनीवर मांडी घालून बसले, डबा उघडला आणि जेवायला लागले. त्याच्याकडे बघितलं नाही. भात होता, आणि मुद्दाम वेगळं आणलेलं बिनमिठाचं चिकन. मी एक तुकडा बोटांत धरला, फुंकर मारली आणि हात गुडघ्याशी खाली नेला. मिनिट गेलं असेल. मग बोटांना खरखरीत जीभ लागली. त्या रात्री त्यानं अकरा तुकडे खाल्ले. मी मोजले. डब्यातला भात तसाच राहिला, मला गिळवेना.

दुसऱ्याच सकाळी मी फॉर्मला एक पान जोडलं. जेवतो कधी, कशातून, कुणाबरोबर. झोपतो कुठे. कोणत्या आवाजाला येतो, कोणत्या आवाजाला पळतो. हाक काय मारता. शी-शूला माती, वाळू की वर्तमानपत्र. घरात शेवटचं त्याच्याशी कोण बोललं. आज आमच्याकडे हे पान भरल्याशिवाय मोठं मांजर आत घेत नाही. रस्त्यावरून उचललेलं असेल तर महिनाभर बघून आम्ही स्वतः भरतो. तान्ह्या पिल्लाला या पानाची गरज नसते, त्याचं आयुष्य अजून कोरं असतं. म्हाताऱ्या मांजराबरोबर मात्र एक अख्खं घर आलेलं असतं, आणि ते कुणीतरी ऐकून घ्यावं लागतं.

खायला लागल्यावर बाळ्याची नीट तपासणी झाली. खालच्या एका दाढेची मुळापासून झीज, ती काढावी लागली. रक्तात क्रिएटिनिन 2.6. मूत्रपिंडांचा आजार, दुसरी पायरी. वाढत्या वयाच्या मांजरांत हा इतका आढळतो की आम्ही दहा वर्षांवरच्या प्रत्येक मांजराची रक्त-लघवी तपासूनच घेतो. दोन्ही मूत्रपिंडांचं मिळून पाऊण काम थांबेपर्यंत रक्तात फारसं काही दिसत नाही. घरच्यांना दिसतं ते एवढंच की मांजर पाणी जास्त पितंय, लघवीची रेती लवकर भिजतेय, पाठीचा कणा हाताला लागतोय. लोक म्हणतात, वय झालं. वय झालंच, पण वय हा आजार नव्हे, हे मी दर रविवारी कुणाला ना कुणाला सांगते.

आणखी एक गोष्ट अशीच उशिरा कळली. बाळ्या ट्रेच्या बाहेर लघवी करायचा. मावशी वैतागायच्या, मीही. मग एकदा तो ट्रेत पाय टाकायला जाताना मी नीट बघितलं. मागचा पाय उचलेचना. बारा वर्षांवरच्या 100 मांजरांचे एक्स-रे तपासले तेव्हा 90 जणांच्या सांध्यांत झीज सापडली होती, ही 2002 सालची पाहणी मी वाचली होती, आणि समोर उभ्या मांजराकडे बघताना विसरले होते. एक प्लास्टिकचं घमेलं घेतलं, त्याची एक बाजू कापून उंबऱ्याएवढी ठेवली, कड मेणबत्तीवर धरून गुळगुळीत केली. त्या दिवसापासून एकदाही बाहेर केलं नाही. तो घाण करत नव्हता. त्याचे गुडघे दुखत होते.

मग मी मागच्या खोलीचं दार उघडलं. रविवारी येणाऱ्यांना आधी मागे न्यायला लागले, पिल्लांची खोली शेवटी. बहुतेकांचा प्रश्न एकच असायचा: "अजून किती वर्षं काढेल हो?" मी या प्रश्नावर आधी चिडायचे. आता चिडत नाही. माणूस विचारतो तेव्हा त्याच्या मनात त्याचं गेलेलं एखादं मांजर असतं. त्याला पुन्हा ते भोगायचं नसतं. त्याला खोटा धीर देऊन चालत नाही. मी सांगते, दोन वर्षं म्हणेन, पाच म्हणेन, माहीत नाही. ब्रिटनमधली फ्लॉसी 29 डिसेंबर 1995 ची. सत्ताविसावं वर्ष संपायला काही महिने राहिले असताना तिला कॅट्स प्रोटेक्शन या संस्थेकडे सोपवलं गेलं, आणि त्या वयात तिला नवं घर मिळालं. नोव्हेंबर 2022 मध्ये गिनेसनं तिची जगातली सर्वांत वयस्क हयात मांजर म्हणून नोंद केली. बाळ्या तेवढा जगेल असं मी कुणाला म्हटलं नाही. पण सव्वीस वर्षांच्या मांजरीसाठी कुणीतरी दार उघडलं होतं, हे मात्र आवर्जून सांगत राहिले. खर्चही आधीच सांगते. मूत्रपिंडाचं खाणं महाग, तीन-चार महिन्यांनी रक्त तपासायचं, आणि एक दिवस निर्णय घ्यावा लागणार. हे ऐकून जो थांबतो, त्याच्याकडे मांजर द्यायला माझा हात कचरत नाही.

चार महिने कुणी थांबलं नाही. त्या चार महिन्यांत त्याच खोलीतली एक पर्शियन मांजरी गेली. कुणीतरी तिच्याकडून वर्षानुवर्षं पिल्लं काढून, ती थकल्यावर केसांच्या गाठी होऊन कातडी ओढली जाण्याच्या अवस्थेत आमच्या दाराशी सोडली होती. तिचं पान आम्हांला भरताच आलं नाही. तिचं नाव काय होतं हेसुद्धा कळलं नाही.

एप्रिलच्या उन्हात एक जोडपं आलं. बिबवेवाडीचं. आजोबा एकाहत्तरचे, आजी सदुसष्टच्या. "आम्हांला पिल्लू नको," आजी खोलीत शिरतानाच म्हणाल्या. "पिल्लू पंधरा-वीस वर्षं जगणार. आमच्यामागे त्यानं कुणाकडे बघायचं? आमच्याबरोबरीचं असलं तर द्या." मांजराची तेरा वर्षं म्हणजे माणसाची अडुसष्टच्या आसपास धरतात. मी तक्त्यात दाखवलं. आजोबांनी चष्मा लावून तक्ता वाचला आणि म्हणाले, "म्हणजे हिच्याहून एका वर्षानं मोठा."

अडचण आमच्याकडेच होती. पासष्टच्या वरच्या माणसाला मांजर द्यायचं नाही, असा आमचा नियम. आधी दोन-तीनदा दत्तक घेणारे वारले आणि मांजर परत आलं, म्हणून केलेला. मी समितीच्या बैठकीत तासभर भांडले. जिच्या हातचं खाऊन हा तेरा वर्षं जगला ती बाई म्हातारीच होती. दिवसभर घरात असणारं, हळू चालणारं, दुपारी झोपणारं, टीव्हीचा आवाज बेताचा ठेवणारं माणूस या बोक्याला आणखी कुठे मिळणार? भीती मांजर परत येण्याची असेल तर त्याची सोय आधीच करू. शेवटी नियम बदलला. आता वयाची अट नाही. दत्तक घेणाऱ्यामागे मांजर कोण सांभाळणार, त्या माणसाची सही लागते, आणि कुणी नसेल तर आम्ही ते परत घेण्याचं लिहून देतो. बाळ्यासाठी आजींच्या भाचीनं सही केली.

घर बघायला मी गेले. तळमजला, खिडक्यांना जाळ्या, फरशी घसरडी पण सतरंज्या घालता येण्याजोगी. फ्रीजवर औषधांची ओळ, त्यात रक्तदाबाच्या आणि तापाच्या गोळ्या. मी तिथेच सांगितलं, माणसाची तापाची गोळी, क्रोसिन किंवा तसलं काही, याला कधीही द्यायचं नाही. एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आजोबांनी तो डबा लगेच वरच्या फळीवर ठेवला. मी त्यांना बाळ्याचं पान दिलं. त्यात सगळ्यात वर, लाल शाईनं, रात्री आठ, शेजारी बसून, हातानं.

बाळ्या दिवाणाखाली गेला तो बाहेर येईना. तीन दिवस बिचकण्याचे, तीन आठवडे अंदाज घेण्याचे, तीन महिने घर आपलं वाटायला. आमच्या कामात हा आडाखा सगळे सांगतात, पण ज्याच्या घरात दिवाणाखाली दोन डोळे चमकत असतात त्याला तीन दिवस फार मोठे. आजी रात्री फोन करायच्या. "ताई, त्याला आम्ही आवडलो नाही का?" मी विचारायचे, खाल्लं का? "हो, हात दिवाणाखाली घातला की खातो." मग झालं, मी म्हणायचे. त्याच्याकडे टक लावून बघू नका, डोळे सावकाश मिटा, सावकाश उघडा. ससेक्स आणि पोर्ट्समथच्या संशोधकांनी 2020 मध्ये पडताळून पाहिलेली ही गोष्ट आमच्या मावशी कितीतरी आधीपासून करत आल्या आहेत. सतराव्या दिवशी सकाळी फोन आला. आजोबा कुजबुजत होते. "मोठ्यानं बोलता येत नाही, मांडीवर आहे."

कुत्रं माणसाचं आणि मांजर घराचं, असं आपल्याकडे म्हणतात. मी हे मान्य करत नाही. बाळ्याचं घर दोनदा सुटलं. दोन्ही वेळा तो आधी माणसाच्या हाताला लागला आणि मग घराला.

वर्षभरानं क्रिएटिनिन 3.2 झालं, तिसरी पायरी. डॉक्टर म्हणाले, एक दिवसाआड कातडीखाली सलाइन द्यावं लागेल, शंभर मिली. दर खेपेला रिक्षा करून दवाखान्यात नेणं म्हणजे त्याचा आणि त्यांचाही जीव टांगणीला. मी शिकवायला गेले. सलाइनची बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा, खांद्यांच्या मधलं कातडं चिमटीत धरून तंबू करायचा आणि तंबूच्या दारातून सुई आत. आजोबांचे हात थरथरले. आजी म्हणाल्या, "सरका. चाळीस वर्षं ब्लाउज शिवलेत मी." त्यांनी कातडं दोन बोटांत चुरगाळून त्याचा पोत बघितला, खणासारखं जाड आहे म्हणाल्या, आणि सुई एका झटक्यात गेली. बाळ्यानं कानही हलवला नाही. पाणी आत जाऊन खांद्यावर लिंबाएवढा फुगा आला, मग तो हळूहळू मोठा होत पुढच्या पायाकडे ओघळला. आजी तोवर त्याच्या हनुवटीखाली खाजवत बसल्या होत्या. तो घुरघुरत होता. आजारी मांजरंही घुरघुरतात, दुखत असतानासुद्धा, हे मला ठाऊक आहे. तरी त्या दिवशीची घुरघुर मी सुखाचीच मानली.

परवा मे महिन्यात त्यांच्या नातवाचं सांगलीला लग्न होतं. दोन रात्रींचा प्रश्न. बाळ्याला निवाऱ्यात ठेवायची त्यांची तयारी नव्हती आणि माझीही नव्हती. मीच बिबवेवाडीला राहायला गेले. ती दोघं पहाटेच्या गाडीनं निघाली होती, किल्ली शेजारी. स्वयंपाकघरात ओट्यावर वहीचं एक पान, वाटीखाली दाबून ठेवलेलं. आजींचं अक्षर.

पहाटे पाचला उठतो, दार उघडू नका, नुसतं दाराशी बसू द्या, पेपर पडला की आपला आपण येतो. पाणी चार वाट्यांत ठेवलंय, पण पिणार नाही, मोरीचा नळ दोऱ्याएवढा सोडा. दुपारी दोनला पंखा एकवर. शिवणयंत्रावरचं कापड काढू नका, ती त्याची जागा आहे. शिट्टीच्या कुकरला आता घाबरत नाही. सलाइन उद्या, उजव्या बाजूला, डावीकडे काल झालंय.

आणि खाली, दोनदा अधोरेखित करून: हातानं भरवू नका. दिवाळीपासून आवडत नाही. ताटलीत वाढा, आणि त्याच्याकडे पाठ करून बसा.

मी ते दोनदा वाचलं. माझ्या पानावरचं लाल शाईतलं वाक्य मला पाठ होतं.

रात्री आठला मी ताटलीत वाढलं. आपलं ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसले. बराच वेळ काही नाही. माझा उजवा हात सवयीनं गुडघ्याशी खाली गेला, मी तो परत वर घेतला. मग मागे ताटली फरशीवर जराशी सरकली.